'फेडरल' पक्षाला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की स्पेनमध्ये १८६८ साली जो 'पार्तिदो रेपुब्लिकानो देमोक्रातिको फेदेराल' निघाला, त्याला मराठीत 'संघीय प्रजासत्ताक पक्ष' म्हटलेलं चालेल का.

माझ्या मते 'संघीय' नको. त्यातून पक्षच चार संघटना मिळून बनलाय असं वाटतं, आणि इथे फेडरल म्हणजे देश कसा असावा याबद्दलचं त्यांचं तत्त्व आहे. 'संघराज्यवादी' बरं, पण तेही थोडं समजून वापरायला हवं, कारण आपल्या डोक्यातलं संघराज्य आणि त्यांचं संघराज्य यात खूप फरक आहे.

१८६८ च्या सप्टेंबरात क्रांती झाली, राणी इसाबेल दुसरी फ्रान्सला गेली, मग डेमोक्रॅटिक पक्षात फूट पडली, काहींना लोकशाही मानणारा राजा चालणार होता, ज्यांना राजाच नको होता त्यांचा हा पक्ष. यांचा विचारवंत फ्रान्सिस्को पी इ मार्गाल (पुढे नुसतं 'पी'), बार्सिलोनाचा, फ्रेंच अराज्यवादी विचारवंत प्रूदाँचं स्पॅनिश भाषांतर करणारा. फेडरलच्या मुळाशी लॅटिन 'फोएदुस' आहे, म्हणजे करार किंवा तह, आणि पीने तो अर्थ अगदी शब्दशः घेतला: गावांनी आपखुशीने करार करून प्रांत बनवायचा, प्रांतांनी करार करून देश, सगळं खालून वर. मे १८६९ मध्ये तोर्तोसाला अरागोन, कातालोनिया, वालेन्सियाच्या फेडरल लोकांनी एकत्र येऊन असा करार केलासुद्धा.

आता आपल्याकडे बघा. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलं की 'युनियन' शब्द मुद्दाम घेतलाय, कारण भारताचं फेडरेशन राज्यांच्या करारातून झालेलं नाही आणि म्हणून कुठल्या राज्याला फुटून निघायचा अधिकार नाही. घटनेतला 'राज्यांचा संघ' तो हा, पीच्या कल्पनेच्या बरोब्बर उलट! अमेरिकेत तर हॅमिल्टनचे फेडरॅलिस्ट हे बळकट केंद्र मागणारे. त्यामुळे स्पेनबद्दल लिहिताना पहिल्यांदा शब्द येईल तिथे 'करारातून उभं राहणारं संघराज्य' एवढं सांगाच, नाहीतर १८७३ चं काहीच कळणार नाही. त्या फेब्रुवारीत, क्रांतीनंतर गादीवर आणलेल्या राजा आमादेओने गादी सोडली, प्रजासत्ताक आलं, जूनमध्ये पी अध्यक्ष झाला, त्याला संसदेतून रीतसर घटना करून घ्यायची होती पण त्याच्याच पक्षातल्या जहालांना थांबायचं नव्हतं, त्यांनी १२ जुलैला कार्ताहेना या बंदराच्या शहरात स्वतंत्र कांतोन, म्हणजे स्वतःचा कारभार स्वतः करणारं छोटं राज्य, जाहीर केलं. आठवड्याभरात पीने राजीनामा दिला. मला या माणसाबद्दल फार वाईट वाटतं, आयुष्यभर 'खालून वर' सांगितलं आणि सत्ता हातात असताना तेच त्याच्यावर उलटलं. कार्ताहेना जानेवारी १८७४ पर्यंत लढत राहिलं.

'रिपब्लिकन' तसंच ठेवू नका, मराठी वाचकाला १९५७ चा आपला रिपब्लिकन पक्ष आठवेल. 'गणराज्य' आपल्या उद्देशिकेत आहे, पण पक्षाच्या नावात 'प्रजासत्ताक' जास्त सहज बसतं. म्हणजे पूर्ण नाव 'संघराज्यवादी लोकशाही प्रजासत्ताक पक्ष', पुढे नुसतं 'फेडरल' लिहिलं तरी चालेल, स्पेनमध्येही लोक त्यांना फेदेरालेसच म्हणायचे. 'कांतोनवादी' मात्र फक्त १८७३ च्या बंडवाल्यांसाठी वापरा, पी स्वतः त्यांच्यात नव्हता.