वाचकांचे प्रश्न : अफगाणी माणसांची छायाचित्रे निवडताना

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. नववीच्या वर्गासाठी अफगाणिस्तानातील छायाचित्रांचा एक फलक करावा असे मनात आहे. पण शोधायला बसले की बंदुका, पडकी घरे आणि हिरव्या डोळ्यांची ती प्रसिद्ध मुलगी एवढेच हाती लागते. तेथील साध्या माणसांचे रोजचे जगणे आणि त्यांची उमेद दाखवणारी छायाचित्रे कशी ओळखावीत? अशी निवड केल्याने त्यांचे दुःख झाकले तर जाणार नाही ना?
— एक कलाशिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : आपण उल्लेख केलेल्या मुलीपासूनच सुरुवात करू. स्टीव्ह मकरी यांनी ते छायाचित्र 1984 साली पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत घेतले आणि जून 1985 मध्ये ते नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आले. तो चेहरा जगभर पोहोचला, परंतु शरबत गुला हे तिचे नाव 2002 साली तिचा पुन्हा शोध लागेपर्यंत जगाला ठाऊक नव्हते. त्या छायाचित्राचे सामर्थ्य मी मुळीच नाकारत नाही. मात्र ते छावणीतल्या शाळेच्या तंबूत घेतलेले असूनही त्यात शाळा कोठेच दिसत नाही, हे मुलांच्या ध्यानात आणून द्यावे. म्हणून माझी पहिली कसोटी अशी आहे की, चित्रातला माणूस आपल्या कामात किंवा खेळात गुंतलेला असावा. तंदूरच्या भिंतीला नान थापणारा, पतंगाचा मांजा सावरणारा, वहीत मान घालून बसलेली मुलगी, या सर्वांनी उद्याचा दिवस गृहीत धरलेला असतो आणि उमेद मला तेथे दिसते, हसऱ्या चेहऱ्यात ती असेलच असे नाही.

दुसऱ्या शंकेसाठी आन्या नीडरिंगहाउस या जर्मन छायाचित्रकर्तीचे एक चित्र अवश्य पाहावे. 2009 च्या ईदला काबूलमध्ये मुले गोल फिरणाऱ्या पाळण्यात बसली आहेत आणि त्यांतल्या एकाच्या हातात खेळण्यातली बंदूक आहे. सणाचा आनंद खरा आहे, आणि त्या खेळण्यामागचे युद्धही तितकेच खरे आहे. एकाने दुसरे झाकले जात नाही. अफगाणी माणसांकडे इतक्या आस्थेने पाहणाऱ्या या बाईंचा 4 एप्रिल 2014 रोजी, निवडणुकीच्या आदल्या दिवशी, खोस्त प्रांतात एका पोलिसाच्या गोळीबारात मृत्यू झाला. 2019 च्या महापुरात आपल्या जिल्ह्याची जी छायाचित्रे बाहेर गेली, त्यांत बुडालेली छपरेच अधिक होती; पाणी ओसरल्यावर कट्ट्यावर वह्या-पुस्तके वाळत घालणारी माणसे मात्र आपणच पाहिली. ती पाहिली म्हणून पुराचे नुकसान आपल्याला कमी वाटले नाही.

घरच्या माणसाला जे दिसते ते पाहुण्याला दिसतेच असे नाही, म्हणून निम्मी तरी चित्रे अफगाणी छायाचित्रकारांची असावीत असा माझा आग्रह आहे. शाह मराई हे एएफपी वृत्तसंस्थेच्या काबूल कार्यालयात वाहनचालक म्हणून लागले, तालिबानच्या पहिल्या राजवटीत लपूनछपून छायाचित्रे काढू लागले आणि पुढे तेथील मुख्य छायाचित्रकार झाले. 30 एप्रिल 2018 रोजी स्फोटाचे वार्तांकन करताना दुसऱ्या स्फोटात ते मारले गेले. फरझाना वाहिदी यांनी स्त्रियांचे जगणे टिपले. परक्या पुरुषाला जेथे प्रवेशच नाही अशा घरांतले क्षण त्यांच्यासारख्या स्त्रीलाच मिळू शकतात.

बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला त्या गावातल्या मुलांना आणखी एक गोष्ट आवडेल. काबूलच्या रस्त्यांवर ‘कामरा-ए-फौरी’ नावाची लाकडी पेटी असे. कॅमेरा तोच आणि अंधारखोलीही तीच! छायाचित्रकार पेटीला लावलेल्या बाहीतून आत हात घालून कागदावरची निगेटिव्ह, म्हणजे काळे-पांढरे उलटे दिसणारी प्रत, धूत असे, मग तीच भिंगासमोर फळीवर लावून तिचा पुन्हा फोटो काढी, की गिऱ्हाइकाच्या हाती ओळखपत्राचा फोटो पडे. 1996 ते 2001 या तालिबानच्या पहिल्या राजवटीत सजीवांच्या चित्रांवर बंदी होती, पण ओळखपत्रांसाठी फोटो लागतच होते, आणि त्या आधारावर हा व्यवसाय तगला.

निवडताना एक काळजी मात्र घ्यावी. तालिबानच्या ऑगस्ट 2024 च्या कायद्याने सजीवांची चित्रे प्रसिद्ध करण्यास तेथे पुन्हा मनाई झाली आहे आणि सहावीनंतर मुलींना शाळा बंद आहे. त्यामुळे चोरून शिकणाऱ्या मुलींची, चेहरा ओळखू येईल अशी अलीकडची छायाचित्रे, कितीही सुंदर असली तरी, लावू नयेत. पाठमोरी आकृती किंवा वहीवरचा हात पुरेसा बोलका असतो. प्रत्येक चित्राखाली छायाचित्रकाराचे नाव, ठिकाण आणि वर्ष ठळक लिहावे. पहिल्या दिवशी त्या ओळी झाकून ठेवून, चित्रातला माणूस काय करतो आहे एवढेच मुलांना आपल्या शब्दांत लिहायला सांगावे, आणि दुसऱ्या दिवशी त्या उघडाव्यात.