पावसाळी शाळा, चातुर्मास की प्रशिक्षण शिबिर?

एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात देतो. त्यांच्या चर्चच्या स्मरणिकेसाठी चीनच्या डोंगरात राहणाऱ्या लिसू लोकांमधल्या मिशनच्या कामावर दोन पानांचा लेख लिहायचाय आणि त्यात ‘रेनी सीझन बायबल स्कूल’ असा शब्द सारखा येतो, त्याला मराठीत काय म्हणायचं यावर घरात वाद झाला. मुलगा म्हणतो ‘पावसाळी बायबल प्रशिक्षण शिबिर’, सासरे म्हणतात सरळ ‘चातुर्मास’ लिही, लोकांना लगेच कळेल. शिवाय लिसु की लिसू, आणि मिशनला ‘धर्मप्रसार’ म्हणावं का, हेही विचारलंय.

आधी सोपं उरकतो. लिसू, दीर्घ. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा उकार आपण दीर्घच लिहितो, काजू, चाकू, तसंच लिसू. पुढे प्रत्यय लागले की लिसूंनी, लिसूंचं. आणि अरुणाचलमधल्या विजयनगर भागाबद्दल लिहिणार असाल तर तिथे यांनाच योबिन असंही म्हणतात, ते खरं एका कुळाचं नाव, पण सरकारी कागदात तेच चिकटलं. म्हणजे हे लोक काही फक्त चीनमधले नाहीत, भारतातही थोडे आहेत, म्यानमार आणि थायलंडमध्येही आहेत, पण सगळ्यात जास्त चीनच्या युन्नानमध्ये, 7 लाखांच्या वर.

आता मुख्य शब्द. सासऱ्यांचा ‘चातुर्मास’ ऐकून मला आधी हसू आलं, पण नंतर वाटलं की माणसाने नेम बरोबर धरलाय, फक्त बाण शेजारी लागलाय. कारण ही शाळा पावसाळ्यातच का, तर युन्नानमधली साल्विन नदीची वरची दरी म्हणजे उभे कडे, गावं डोंगराच्या खांद्यावर टांगल्यासारखी, पावसात पायवाटा निसरड्या होतात, दरडी कोसळतात, फिरणं जवळजवळ बंद. एरवी गावोगाव फिरून उपदेश करणारी माणसं या दिवसांत अडकून पडायची. मग अडकलाच आहात तर बसा आणि शिका, अशी ती कल्पना. इझोबेल कून या कॅनडाच्या मिशनरी बाई आणि त्यांचे पती जॉन, दोघे चायना इनलँड मिशनचे, त्यांनी 1938 मध्ये ओक फ्लॅट नावाच्या गावात ही सुरू केली, साधारण तीन महिन्यांची. आता आपल्याकडे साधू पावसात एका जागी का थांबतात? वाटा बंद, पायाखाली जीव चिरडतात, म्हणून. कारण बऱ्यापैकी तेच, पाऊस. आणि थांबल्यावर ग्रंथ वाचायचा हेही तेच.

मग चातुर्मास का नको? एक तर चार महिने शब्दातच आहेत, इथे तीन. ते सोडा, चातुर्मास म्हटलं की मराठी माणसाच्या डोक्यात लगेच कांदा-लसूण-वांगं बंद, एकादशी, व्रतं, नेम येतात. लिसू शेतकरी तिथे काही सोडायला जमले नव्हते, काही शिकायला जमले होते. मोजून जवळ जाणारा शब्द हवा असेल तर खरं ‘वर्षावास’, म्हणजे बौद्ध भिक्खूंचा पावसाळ्यातला मुक्काम, जास्त जवळचा आहे, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने, आणि आपल्याकडच्या बौद्ध वस्त्यांमध्ये विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं तेही ऐकणाऱ्यांच्या ओळखीचं. पण तो शब्द बौद्धांचा आहे, त्याला त्यांचा इतिहास आहे, तो उचलून चर्चच्या स्मरणिकेत ठेवला तर दोन्हीकडचे लोक भुवया उंचावतील. लेखात एकदा तुलना म्हणून जरूर सांगा, नाव म्हणून वापरू नका.

‘प्रशिक्षण शिबिर’ला माझा आक्षेप वेगळा आहे. प्रशिक्षण म्हटलं की आधीच लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाला एखादं कसब शिकवणं, शिक्षक प्रशिक्षण, पोलीस प्रशिक्षण, निवडणूक कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण (ज्यात चहा बरा असतो). आणि शिबिर म्हणजे चार दिवस सतरंजी. लिसूंच्या बाबतीत गोष्ट याच्या मुळाशी होती. या भाषेला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत लिपीच नव्हती! म्हणजे वाचायला शिकणं आणि बायबल शिकणं या त्यांच्यासाठी दोन गोष्टी नव्हत्याच, एकच होती. जे पुस्तक हातात आलं ते आपल्या भाषेतलं पहिलंच.

ही लिपीची गोष्ट जरा सांगतो कारण मला स्वतःला तीच जास्त आवडते, लेखात नाही बसली तर सोडून द्या. जेम्स आउट्रम फ्रेझर नावाचा इंग्रज, शिकलेला इलेक्ट्रिकल इंजिनिअर, पियानो उत्तम वाजवायचा, 1908 मध्ये चीनला गेला आणि पुढे युन्नानमधल्या तेंगयुएच्या बाजूच्या डोंगरात लिसूंमध्ये राहिला. लिपीला आज त्याचंच नाव आहे, फ्रेझर लिपी, पण पहिला आराखडा सारा बा थॉ यांचा, बर्माकडचे, करेन जमातीतले उपदेशक. इथे एक धोक्याची सूचना, ‘सारा’ वाचून ‘बाईंनी लिपी केली’ असं लिहू नका, सारा म्हणजे करेन लोकांत गुरुजी, आपण ‘मास्तर’ किंवा ‘सर’ लावतो तसं. साधारण 1915 च्या सुमारास ही लिपी आकाराला आली. दिसायला रोमन कॅपिटल अक्षरं, पण पुरत नाहीत म्हणून काही चक्क उलटी केलेली, डोक्यावर उभी. छापखान्यात नवे खिळे पाडायला नकोत, आहेत तेच उलटे बसवा, इंजिनिअरचं डोकं म्हणा किंवा काटकसर म्हणा.

आणि मराठी वाचकाला गंमत वाटेल अशी गोष्ट पुढेच आहे. नुसतं व्यंजन लिहिलं की त्यात ‘अ’सारखा स्वर धरलेलाच असतो, वेगळा लिहायचा नाही. म्हणजे आपलं क, ख, ग! रोमन अक्षरांच्या अंगात देवनागरीचा स्वभाव. मला वाटतं हे बा थॉंकडून आलं असावं, बर्मा भागातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर बर्मी लिपी असणारच आणि ती आपल्याच ब्राह्मीच्या खानदानातली. हा माझा अंदाज आहे, लेखात ठासून लिहू नका.

परत शब्दाकडे. माझं मत, ‘पावसाळी बायबल शाळा’, आणि एकदा पूर्ण नाव दिल्यावर पुढे नुसतं ‘पावसाळी शाळा’. ‘पावसाळी’ हे विशेषण आपल्याकडे इतकं रुळलेलं आहे की पावसाळी चपलांपासून पावसाळी अधिवेशनापर्यंत कुठेही चालतं, कुणी अडखळत नाही. आणि ‘शाळा’ला पुढे काहीतरी जोडून नवी शाळा तयार करणं ही तर मराठीची जुनी सवय, रात्रशाळा, आश्रमशाळा, ऊसतोड कामगारांच्या मुलांची साखरशाळा, वीटभट्टीवरच्या मुलांची भोंगाशाळा. यातल्या साखरशाळेचा विचार करा, ती हंगामाने ठरते, पोटाच्या कामाने माणसं जिथे आणि जेव्हा असतील तिथे आणि तेव्हा शाळा. लिसूंची शाळा अगदी त्याच जातीची आहे, फक्त इथे हंगाम पावसाचा आणि विद्यार्थी मोठी माणसं. तुमच्या चर्चमध्ये जुनी मंडळी अजून ‘शब्बाथ शाळा’ म्हणत असतील ना? मग शाळा शब्द हलका वाटायचं कारणच नाही. मुलाला ‘शाळा’ बालिश वाटते हे समजू शकतो, पण ‘सेमिनरी’ किंवा ‘बायबल कॉलेज’ लिहिलं तर वाचकाला पुण्यातली युनियन बिब्लिकल सेमिनरी डोळ्यांसमोर येईल (ती आधी यवतमाळला होती, 1983 मध्ये पुण्यात आली), इमारत, वसतिगृह, पदवी, आणि त्या डोंगरातली गोष्ट यातली नाही.

‘मिशन’बद्दल. मिशन हा शब्द मराठीच झालाय, बदलू नका. 1813 मध्ये अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आलं तेव्हापासून तो इथे आहे, मिशन हॉस्पिटल, मिशन कंपाउंड, खेड्यातली आजी पण म्हणते, ‘मिशनच्या दवाखान्यात ने त्याला.’ ‘धर्मप्रसार’ चूक नाही पण त्यात फक्त पसरवणं येतं, आणि लिसूंच्या बाबतीत पसरवणारे बहुतेक करून लिसूच होते हे त्यात हरवतं. फ्रेझरचा याबाबत हट्ट होता, उपदेशकाला परदेशी पैशातून पगार नाही, त्याचा खर्च गावांनी करायचा, पुस्तकं फुकट नाहीत, विकत घ्यायची, प्रार्थनेचं घर स्वतः बांधायचं. गरीब डोंगरी माणसाला पुस्तक विकत घ्यायला लावणारा मिशनरी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला कंजूष वाटला होता, नंतर कळलं की 1950 च्या सुमारास परदेशी मिशनऱ्यांना चीनमधून जावं लागलं तेव्हा पगारच नसल्यामुळे बंद पडायला काही नव्हतं. तर अशा शिकलेल्या लिसू माणसाला काय म्हणायचं, तर ‘मिशनरी’ नको, ‘प्रशिक्षणार्थी’ तर देवा नकोच, मराठी बायबलात फिलिप्पाला वापरलेला ‘सुवार्तिक’, म्हणजे सुवार्ता सांगत फिरणारा, हा शब्द आहे तो घ्या. गावच्या मंडळीची जबाबदारी बघणारा असेल तर ‘पाळक’ किंवा ‘वडील’.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सांगून ठेवतो. लोकांनी श्रद्धा बदलली हे लिहिताना ‘बाटले’ हा शब्द आपल्याकडे बोलण्यात पटकन येतो, तो टाळा, त्यात विटाळ बसलेला आहे. ‘धर्मांतर केलं’ चालेल पण तो हल्ली कोर्टकचेरीचा वाटतो. साधं ‘ख्रिस्ती झाले’. आणि क्रियापद अनेकवचनी ठेवा, कारण तिथे 1916 पासून कुटुंबंच्या कुटुंबं मिळून ठरवायची, एकटादुकटा माणूस नव्हे. तसंच त्यांच्या आधीच्या श्रद्धेला ‘भूतपूजा’ म्हणायची जुन्या मिशनरी लिखाणाची खोड आहे, ती मराठीत आणायची गरज नाही, ‘पूर्वजांची आणि डोंगर-रानातल्या शक्तींची पूजा’ लिहिलं की काम होतं, आपल्याकडे गावोगाव म्हसोबा असताना आपल्याला ते कळायला काय अवघड.

तर वाक्य साधारण असं होईल: ‘1938 मध्ये साल्विनच्या दरीत पावसाळी बायबल शाळा सुरू झाली, वाटा बंद असलेल्या तीन महिन्यांत लिसू सुवार्तिक एकत्र राहून शिकत.’ त्याच वर्षी लिसू नवा करार छापून आला आणि सप्टेंबरमध्ये फ्रेझर युन्नानमधल्याच बाओशानला मलेरियाने गेला, वय 52. संपूर्ण बायबल 1968 मध्ये आलं. आणि त्या लिपीला चीन सरकारने 1992 मध्ये अधिकृत मान्यता दिली, हेही घाला, वाचणाऱ्यांना आश्चर्य वाटेल.

शेवटचं, स्मरणिकेत लिसू लिपीतली एखादी ओळ छापायची हौस असेल तर युनिकोडमध्ये ही अक्षरं 2009 पासून आहेत, त्यामुळे डीटीपीवाल्याला इंग्रजी अक्षरं फिरवून जुगाड करू देऊ नका. आणि प्रूफ बघणाऱ्याला आधी सांगून ठेवा की त्या लिपीत टिंब, स्वल्पविराम, विसर्गासारखी दोन टिंबं ही सगळी सुरांची, म्हणजे उच्चारातल्या चढउतारांची, चिन्हं आहेत, सहा सूर आहेत भाषेला, म्हणून पूर्णविरामासाठी टिंब उरलंच नाही, वाक्याच्या शेवटी बरोबरचं चिन्ह येतं, गणितातलं. ते चूक समजून तो हमखास खोडणार.