दोन नळ्या जोडल्या तर?

प्रश्न : मंगळवार पेठेतलं जुनं घर आहे. गॅसची शेगडी खिडकीपाशी न्यायची आहे, नळी पोचत नाही. दोन नळ्या जोडून मीच बसवू का? कायद्यात चालतं?

उत्तर : ताई, सिलिंडर बदलणं, नळी तपासणं तुमच्याच हातचं. पण नळीला सांधा नको म्हणजे नको. दीड मीटरपेक्षा लांब नळी चालत नाही. सिलिंडरच शेगडीजवळ न्या, शेगडी ओट्यावर आणि सिलिंडर खाली उभा. रेग्युलेटर अनामतीवर मिळालेला, मालकी कंपनीची, त्याचे भाग खोलायचे नाहीत. एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस भरणं तर सरळ गुन्हा.

दुरुस्त्या करताना मी बघतो, नळी शेगडीच्या टोकाशी आधी कडक होते. तिथं वाकवून बघा, बारीक चिरा दिसतील. आयएसआयची सुरक्षा नळीसुद्धा पाच वर्षांनी बदलावी. गळती साबणाच्या फेसानं शोधा, काडी ओढून कधीच नाही! हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बटणांना हात लावू नका आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन करा.