मनपा शाळेच्या ग्रुपवर रोज नवीन मेसेज, खरं कोणतं मानायचं? – माझं उत्तर

दादा, तुमचा प्रश्न वाचला. सेलूहून संभाजीनगरला आलात, पोरगी पाचवीला अन् पोरगा पहिलीला मनपाच्या शाळेत टाकला, आणि आता पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर काही ना काही येतंय, उद्या सुट्टी आहे, अपार म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख नंबर नाही काढला तर नाव कटणार, गणवेशाचे पैसे खात्यात येणार, तर यातलं खरं कोणतं आणि विचारायचं कुणाला. माझी लेकरं मनपा शाळेतच आहेत आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांब होईल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, पत्र कुणाचं आहे ते बघायची सवय लावा. गावाकडं कसं, झेडपीची शाळा, वर केंद्रप्रमुख, त्याच्यावर गटशिक्षणाधिकारी, सगळं पंचायत समितीत मिटतं. शहरात मनपाचा स्वतःचा शिक्षण विभाग असतो, त्याचे वेगळे शिक्षणाधिकारी. म्हणून झेडपीच्या सहीचं पत्र ग्रुपवर आलं की ते आपल्याला लागू असेलच असं नाही. अतिवृष्टीची सुट्टी असेल तर ती जिल्हाधिकारी जाहीर करतात, ती मात्र जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना, झेडपी असो मनपा असो की खाजगी. जूनमधे अजून एक गंमत होते, नागपूरकडचा कुणीतरी नातेवाईक मेसेज टाकतो की शाळा पुढं ढकलली, अरे बाबा ते विदर्भाचं असतं, तिकडं ऊन जास्त म्हणून त्यांची शाळा उशिरा उघडते, आपल्याकडं जूनच्या मध्यालाच उघडते. आणि पुण्याकडून फिरत आलेल्या सुट्ट्यांच्या यादीत १७ सप्टेंबर नसतो, म्हणून उगं निवांत राहू नका अन् लेकरू घरीही ठेवू नका, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आपल्या शाळांत सकाळीच असतं.

खोटी पत्रं ओळखायची कशी? मागं पावसाळ्यात रात्री ग्रुपवर सुट्टीचं पत्र आलं, वर राजमुद्रा, खाली सही, सगळे थम्ब दाबून मोकळे. एका आजोबांनी फोटो मोठा करून बघितला तर जावक क्रमांकाची, म्हणजे कार्यालयातून पत्र बाहेर जाताना पडणाऱ्या नंबरची, ओळ आहे पण तारखेच्या जागी फोटो बरोबर कापलेला, आणि खाली प्रतिलिपीत तालुके दुसऱ्याच जिल्ह्याचे. सकाळी शाळा नेहमीसारखी भरली, निम्मी लेकरं घरी. तर पत्रात तारीख, जावक क्रमांक आणि प्रतिलिपी कुणाकुणाला, या तीन जागा बघायच्याच. शासन निर्णय असेल, ज्याला सगळे जीआर म्हणतात, तर त्याला एक लांबलचक संगणक सांकेतांक असतो, त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. २०२३ ने सुरू होणारा जीआर कुणी "आत्ताच आला" म्हणून टाकत असेल तर समजून जा. हाच नंबर शासनाच्या वेबसाईटवर टाकला की मूळ कागद फुकट दिसतो.

आता तुमच्या कामाचं, कारण तुम्ही बाहेरून आलात. टीसी आणली म्हणजे झालं असं समजू नका. आता सगळं ऑनलाईन आहे, यूडायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाईन नोंदीत, प्रत्येक लेकराचा एक पेन नंबर, म्हणजे कायमचा शिक्षण क्रमांक असतो, आणि जुन्या शाळेनं तिकडून लेकराला सोडल्याशिवाय ते नवीन शाळेच्या खात्यात दिसत नाही. लेकरू रोज वर्गात बसतंय, हजेरीवर नाव आहे, पण ऑनलाईन अजून सेलूतच! मग पुस्तकं मोजून आली की त्यात त्याचा संच नाही, कारण बालभारतीची पुस्तकं यूडायसच्या पटावर येतात. लोक मास्तरशी भांडतात, त्यात मास्तरची काही चूक नसते. आमच्या शाळेत वीटभट्टीवरून आलेल्या लेकरांचं नेहमी हेच व्हायचं. बाकी टीसी यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, ते शिक्षण हक्क कायद्यातच आहे, पण पेनचा पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो. पुस्तक येईपर्यंत बालभारतीच्या साईटवरून पीडीएफ उतरवून घ्या.

अपारबद्दल एवढी भीती घालायलेत लोक. अपार हा १२ अंकी नंबर आहे, त्यासाठी पालकाचं संमतीपत्र लागतं, आता संमती लागते म्हणजे तुम्ही ती देणार की नाही हा तुमचा प्रश्न, नाही दिली म्हणून शाळेतून नाव काढता येत नाही. द्यायची असेल तर आधी आधारवरचं नाव अन् शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव जुळतंय का बघा. तिथंच घोडं अडतं. रजिस्टरमधे वडिलांच्या नावापुढं "राव" आहे आणि आधारवर नाही, एवढ्यावर सगळं थांबतं. ही दुरुस्ती लेकरू शाळेत असतानाच करून घ्या, शाळा सोडल्यावर तेच काम लई किचकट होतं. पोराचं आधार तो पाच वर्षांचा व्हायच्या आत काढलेलं असेल तर बोटांचे ठसे आता द्यावे लागतील, त्याचे पैसे नाहीत, कुणी मागितले तर देऊ नका. एकूणच मनपा शाळेच्या नावानं पैसे भरायचा क्यूआर कोड आला की आधी मुख्याध्यापकांना फोन.

पोरगी पाचवीला आहे ना, मग हे नीट वाचा. पूर्वीसारखं आठवीपर्यंत सरसकट पास राहिलेलं नाही. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, नापास झाली तर जादा शिकवून दोन महिन्यांच्या आत परत परीक्षा घेतात, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात ठेवतात. शाळेतून काढत मात्र नाहीत. शिष्यवृत्ती परीक्षेचा गोंधळ वेगळाच, आधी चौथी-सातवीला होती, मग पाचवी-आठवीला केली, आता परत चौथी-सातवीवर न्यायचं ठरलं, त्यामुळं जुने-नवे मेसेज एकत्र फिरायलेत. ग्रुपवर चर्चा करत बसण्यापेक्षा वर्गशिक्षिकेला विचारा की आमच्या पोरीचा फॉर्म भरायचाय का. नवोदयचाही, म्हणजे केंद्राच्या निवासी शाळेचा, फॉर्म पाचवीतच असतो, आणि त्यात शहरवाल्यांनी लक्षात ठेवायचं की किमान ७५ टक्के जागा ग्रामीणच्या आहेत, त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी तिन्ही वर्षं गावातल्या शाळेत लागतात, म्हणजे तुमची पोरगी आता त्या ग्रामीण जागांत बसणार नाही. वाईट वाटेल, पण आत्ताच कळलेलं बरं.

गणवेशाचे पैसे खात्यात येणार हा मेसेज कुठून आला माहीत नाही. दोन गणवेशांचे लेकरामागं ६०० रुपये आणि बूट-मोज्यांचे १७० असा हिशोब, २०२४-२५ ला राज्यानं एकच कापड सगळीकडं पाठवायचं ठरवलं, कुठं मापं चुकली, कुठं दिवाळीपर्यंत गणवेश नाही, शेवटी डिसेंबर २०२४ मधे गणवेश घ्यायचे अधिकार परत शाळा व्यवस्थापन समितीकडं दिले. आणि हे बरंच झालं असं माझं मत. आमच्या बैठकीत मुख्याध्यापकांच्या टेबलावर कापडाचे तुकडे ठेवले होते, दुकानदार सांगतोय एक नंबर माल, आणि एका शिवणकाम करणाऱ्या ताईनं तुकडा बाटलीतल्या पाण्यानं भिजवून पांढऱ्या रुमालावर घासला, रुमाल निळा! ते कापड तिथंच बाद. मुंबईत बसून हे कोण करणार होतं?

म्हणून म्हणते, ग्रुपवर वाद घालणाऱ्यांपेक्षा समितीत जा. कायद्यानं समितीत ७५ टक्के पालक असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या बायका, अध्यक्ष पालकांमधला, मुख्याध्यापक सचिव. तुम्ही कामावर जात असाल तर वहिनींना पाठवा. सदस्य नसलात तरी खिचडीच्या वेळेला कधीतरी चक्कर मारा, वाढायच्या आधी चव घेऊन वहीत लिहायची पद्धत आहे, पाचवीपर्यंतच्या लेकराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि ४५० कॅलरी असा हिशोब आहे, ती वही मागून बघता येते. उगं तक्रार करायला नाही, सहज.

आणि हो, पेनचं उद्याच बघा, बाकी सगळं नंतर झालं तरी चालेल. सेलूच्या मुख्याध्यापकांना आधी फोन करा, इथल्या शाळेनं रिक्वेस्ट टाकली का तेही विचारा. तिकडून उत्तर नाही आलं तर इथंच लिहा, अर्ज कुणाच्या नावानं करायचा ते सांगते.