थंडीत उरलेला गळाचा चारा होळीपर्यंत टिकतो का?

कार्प जातीच्या माशांसाठी केलेला चार किलो चारा तुमच्याकडे उरलाय: शेंगपेंडीचा मळलेला गोळा, पेंड-फुटाण्याची कोरडी भुकटी, घरी केलेल्या बॉइली (पीठ अंड्यात मळून उकडलेल्या गोळ्या) आणि उकडलेला मका. आता थंडीत गळ गुंडाळून ठेवणार आणि होळीला पुन्हा कण्हेर धरणावर बसणार, तोवर यातलं काय टिकेल, असं विचारलंय. भुकटी टिकेल, बॉइली टिकतील. फ्रीझरमध्ये जागा असली तर मकाही टिकेल. गोळा मात्र आजच्या आज टाकून द्या. जीव तुटतो, माहीत आहे, तरी टाका.

मी सांगलीचा, हरिपूरच्या संगमावर बसणारा. सुरुवातीला यूट्यूबवरचे इंग्लंडचे गडी बघून मीही फसलोय. ते सांगतात, उरलेला चारा बादलीत घालून गॅरेजमध्ये ठेवा. त्यांचं गॅरेज डिसेंबरात आपल्या फ्रीजएवढं गार असतं हो! आपल्याकडे पहाटे गारठा आणि दुपारी पारा तिशीला टेकलेला. डब्यातली ओल दुपारी वर उठते, रात्री झाकणाला आतून घाम धरते आणि तो घाम परत चाऱ्यावरच गळतो. बुरशीला आणखी काय पाहिजे?

एका वर्षी दिवाळीनंतर दोन किलोचा गोळा प्लास्टिकमध्ये करकचून बांधला, पत्र्याच्या डब्यात घातला आणि माळ्यावर टाकला. संक्रांतीच्या आधी बायको तिळाचा डबा शोधायला वर चढली आणि तिथूनच ओरडली. उघडून बघितलं तर वर राखाडी लव, नखानं खरवडली तर खाली हिरवट-पिवळी पूड आणि वास भिजलेल्या गोणपाटाचा. वरचं काढून आतलं वापरू म्हणून मी गोळा फोडला, तर आतपर्यंत पांढरे धागे गेलेले.

शेंगपेंडीवरची ही हिरवट-पिवळी बुरशी साधी नव्हे. तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते उन्हात वाळवून किंवा पुन्हा उकडून जात नाही. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या वर टर्कीची पिल्लं पटापट मेली, तेव्हा शोध घेता घेता गाडी खाद्यातल्या बुरशी लागलेल्या शेंगपेंडीवर येऊन थांबली. त्यावरूनच हे विष लोकांना कळलं. त्यामुळे असला गोळा पाण्यात टाकू नका, आणि 'वाया कशाला घालवायचा' म्हणून म्हशीच्या पाटीत तर मुळीच नको. तिच्या पोटातून ते दुधात उतरतं. कोंबड्यांनाही नको. खड्डा काढून पुरून टाका.

कोरड्या भुकटीसाठी मी युक्ती घेतली ती हळदीच्या पेवांवरून. हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवायची जुनी पद्धत. तोंड लिंपून बंद केलं की आत हवा खेळत नाही, होता तेवढा प्राणवायू संपतो आणि किड्याला जगता येत नाही. म्हणूनच पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नाही. 2005 च्या महापुरात पाणी शिरून त्यातली बरीच पेवं निकामी झाली, ते वेगळं दुःख. आपलं पेव म्हणजे कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली. धुऊन दोन दिवस उलटी टांगून खडखडीत वाळवायची, नरसाळ्यानं भुकटी भरायची, ओट्यावर आपटत आपटत दाबून गळ्यापर्यंत आणायची आणि बूच घट्ट लावायचं. अर्धी बाटली ठेवू नका, वरची अर्धी हवाच घात करते. बाटली अंधारात, भिंतीपासून लांब ठेवा.

भुकटीत भाताचा कोंडा घातला असेल तर आधी कढईत मंद आचेवर खमंग भाजून घ्या. कच्चा कोंडा फार लवकर खवट होतो, कारण त्यातलं तेल फोडणारा पाचक रस कोंड्यातच असतो. भाजल्यावर त्याचं काम थांबतं. घाण्याच्या पेंडीत तेल जास्त राहतं म्हणून तीही खवटते, पण जरा उशिरा. पेंड कडक उन्हात घालू नका, सावलीत पसरा. आणि गूळ, काकवी, बडीशेपेचा अर्क असलं काही आत्ता घालू नका. ते सगळं गळाला जायच्या दिवशी.

बॉइलीत अंडं असतं, त्यामुळे त्या ताज्या असताना डब्यात बंद केल्या की तिसऱ्या-चौथ्या दिवशी चिकट होतात. कांद्याची जाळीची पिशवी घ्या, अर्धीच भरा आणि वारा लागेल अशा सावलीत टांगा. रोज एकदा हलवा. आपल्या थंडीतली कोरडी हवा इथे कामाला येते: आठ-दहा दिवसांत त्या गोट्यांसारख्या टणक होतात, फरशीवर टाकल्या तर खडखड वाजतात. मग बरणीत भरा. पिशवी तारेनं टांगा, सुतळीनं नको. आमच्याकडे उंदरानं सुतळी कुरतडली आणि सकाळी अंगणभर बॉइली! होळीला बसायच्या आदल्या रात्री कोमट पाण्यात काकवी कालवून त्यात भिजत घाला.

मका निथळून, पाव-पाव किलोच्या चपट्या पिशव्या करून, हवा दाबून काढून फ्रीझरमध्ये. एका बैठकीला एक पिशवी. एकदा वितळलेली परत गोठवू नका. लाईट सारखी जात असेल आणि मका मऊ पडत असेल तर हा नाद सोडा, मका काय, पुन्हा उकडता येतो. नुसत्या फ्रीजमध्ये चार-पाच दिवसांपलीकडे धरून चालू नका. थोडा आंबूस झाला तरी सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, आवडीनं खातो, पण बुळबुळीत झाला, तार सुटली की फेका. पिशव्या नीट बंद डब्यात ठेवा हेही सांगतो, कारण माझ्या लसूण आणि मासळीच्या भुकटीचा वास एकदा सायीच्या भांड्यात उतरला आणि त्या आठवड्याचं सगळं तूप वाया गेलं. तेव्हापासून फ्रीजमध्ये माझा एकच कप्पा, तोही खालचा.

गांडुळं उरली असतील तर परसातल्या ओल्या मातीत सोडून द्या. विकतच्या पेलेटचं (दाणेदार खाद्याचं) पोतं जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवलं म्हणजे झालं.

आणि गळ अगदी बंदच का ठेवताय? रोहू-कटला गार पाण्यात तोंड आवरतात, पण सायप्रिनस थंड मुलखातून आलेला मासा, तो थोडंफार खात राहतो. जानेवारीत दुपारी बारा ते चार, उन्हाच्या बाजूला, उथळ पाण्याशी बसून बघा. चारा मात्र मूठभरच टाका, नेहमीसारखी पाटी रिकामी करू नका. चार किलोतला किलोभर तर असाच संपेल.