केव्हीएम होस्टवरील एखादे व्हर्च्युअल मशीन आपोआप बंद का पडते?

आपल्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर केव्हीएम, म्हणजे एकाच संगणकावर अनेक व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) चालवणारी लिनक्सची सोय, आहे; त्यात ३२ जीबी मेमरी असून चार व्हर्च्युअल मशीनना प्रत्येकी ८ जीबी दिली आहे, आणि त्यांतले एखादे दुपारी अचानक बंद पडते, असे आपण लिहिले आहे. या वाटपात होस्टसाठी, म्हणजे ही मशीन चालवणाऱ्या मूळ सर्व्हरसाठी, काहीच उरत नाही. प्रत्येक व्हर्च्युअल मशीन ही होस्टच्या दृष्टीने क्यूईएमयूची (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामची) एक साधी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, असते. त्यामुळे मेमरी संपली की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बहुधा सर्वांत जास्त मेमरी खाणारी तीच प्रोसेस मारतो. कर्नलच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ ही ओळ आणि तीत क्यूईएमयूचे नाव दिसले, तर निदान पक्के समजावे. प्रत्येकीला ६ जीबी द्या.

ती ओळ नसेल, तर मात्र सर्व्हरच तापून बंद पडतो का, हे पाहण्यासाठी तापमान तपासा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि कूलरच्या दमट हवेत सर्व्हर ठेवणे मला मुळीच योग्य वाटत नाही. वीज गेल्यावर यूपीएसने होस्टला बंद होण्याचा संदेश दिलाच पाहिजे, आणि लिबव्हर्ट-गेस्ट्स (होस्ट बंद होताना व्हर्च्युअल मशीनचे काय करायचे ते पाहणारी) ही सेवा ‘शटडाउन’वर ठेवलेली असावी, म्हणजे आतील डेटाबेस नीट मिटतील.