लातूरहून एक दिवस मुंबईत: सकाळी बंदराकडे, संध्याकाळी समुद्राकडे

तुमची यादी वाचली. सकाळी साडेसात-आठला सीएसएमटीला उतरणार, रात्री परतीची गाडी, सोबत सत्तरीला टेकलेले आई-बाबा, तुम्ही दोघं आणि दोन शाळकरी मुलं. आणि तेवढ्यात गेटवे, घारापुरी, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, राणीची बाग, म्युझियम, जुहू चौपाटी आणि वांद्र्याचा 'मन्नत'. राग मानू नका, पण यातलं निम्म्याहून जास्त कापा. बाहेरगावचे नातेवाईक आले की त्यांना हिंडवायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडेच असतं. त्यावरून सांगतो, मुंबईत दिवस जातो तो बघण्यात नाही, पोचण्यात जातो. गेटवेहून जुहूला संध्याकाळी टॅक्सीने निघालात तर दीड-दोन तास रस्त्यातच जातात, आणि वाळूवर पाय ठेवेपर्यंत मुलं पेंगलेली असतात.

म्हणून जुहू आणि मन्नत आधी बाजूला काढा. मन्नतला बंद फाटक आणि त्यापुढे फोटो काढणारी गर्दी यापलीकडे काही दिसत नाही. मुलांची समजूत आत्ताच, घरून निघण्याआधी काढा. तिथे येऊन नाही म्हणालात तर दिवसभर तोच विषय चालेल.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. दक्षिण मुंबई ही समुद्रात शिरलेली निमुळती पट्टी आहे. पूर्वेला बंदर, पश्चिमेला उघडा अरबी समुद्र, आणि फोर्टच्या आसपास या दोन्हींमधलं अंतर जेमतेम दोन किलोमीटर. गेटवे पूर्व काठावर, मरीन ड्राइव्ह पश्चिम काठावर, आणि मधल्या भागात म्युझियम, काळा घोडा, हुतात्मा चौक, राजाबाई टॉवर. म्हणजे सकाळी बंदराची बाजू, भर दुपारी मधल्या भागात सावलीत, आणि सूर्य मावळायला समुद्राची बाजू, असा दिवस आपोआप लागतो. उलटं केलंत तर दुपारी एक वाजता गेटवेच्या उघड्या फरसबंदीवर आई-बाबांना उभं करावं लागेल. तिथे सावली अशी नाहीच.

वार कोणता, हे तारखेइतकंच महत्त्वाचं. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. मंगळवारी सिद्धिविनायकाला रांग कुठल्या कुठे जाते. बुधवारी राणीची बाग बंद, तिच्या शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बंद. रविवारी फोर्ट निवांत असतो, चालायला बरं वाटतं, पण तिथली बरीच उपाहारगृहं बंद असतात, लोकलचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद) असतो आणि गेटवेवर अर्धी मुंबई लोटलेली असते. गुरुवार किंवा शुक्रवार मिळाला तर उत्तम. ६ डिसेंबरच्या आसपास मात्र चैत्यभूमीला जायचं नसेल तर येऊ नका. त्या दिवसांत दादर परिसरात लाखो लोक अभिवादनाला येतात, आणि तो दिवस त्यांचा आहे.

उतरल्यावर पहिलं काम सामानाचं. सीएसएमटीला क्लोकरूम आहे. प्रत्येक बॅगेला कुलूप लागतं, नाहीतर घेत नाहीत, म्हणून छोटी कुलपं घरूनच आणा. तिकीट आणि ओळखपत्र हाताशी ठेवा. प्रतीक्षालयात तोंड धुऊन, कपडे बदलून बाहेर या आणि लगेच टॅक्सीला हात करू नका. तुम्ही ज्या इमारतीतून बाहेर आलात ती बघायला लोक जगभरातून येतात. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आराखडा केला, १८७८ ला काम सुरू झालं आणि पुरं व्हायला दहा वर्षं लागली. २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला जा (ती इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची) आणि तिथून मागे वळून बघा. मुलांना फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ शोधायला सांगा: सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. भिंतींवर मोर, माकडं, पानं-फुलं कोरलेली आहेत, ती सापडायला लागली की मुलं हलत नाहीत. याच परिसरातल्या बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याची पहिली प्रवासी गाडी सुटली, हे आजोबांनी नातवंडांना सांगावं.

नाश्ता समोरच करा. 'आराम'चा वडापाव किंवा 'पंचम'ची पुरीभाजी, दोन्ही ठिकाणं स्टेशनच्या समोरच्या बाजूला आहेत.

आता देवदर्शन. आई-बाबांचा सिद्धिविनायकासाठी आग्रह असणार, आणि तो मोडू नये. पूर्वी मी दक्षिण मुंबईच्या एका दिवसात सिद्धिविनायक घालू नका असंच सांगायचो, कारण प्रभादेवीला जाऊन येण्यात सकाळ संपायची. भुयारी मेट्रोने हे गणित बदललं. ऑक्टोबर २०२५ पासून ती मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते, आणि 'सीएसएमटी' व 'सिद्धिविनायक' ही दोन्ही स्थानकं एकाच मार्गावर आहेत. वीस-पंचवीस मिनिटांत, एसीत, बसायला जागा मिळाली तर बसून, तुम्ही देवळाच्या जवळ बाहेर पडता. लिफ्ट आणि सरकते जिने असल्याने गुडघे दुखणाऱ्यांना त्रास नाही, फक्त स्थानकं खोल आहेत, तेव्हा चढ-उताराला दहा मिनिटं जास्तीची धरा. खाली मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, तिकिटापुरते सुटे पैसे जवळ ठेवा. देवळात ज्येष्ठांच्या रांगेची चौकशी तिथल्या सेवेकऱ्यांकडे करा. दर्शन साडेनऊ-दहापर्यंत आटोपलं पाहिजे. रांग दीड तासाची दिसली तर मुखदर्शन घ्या आणि निघा. महालक्ष्मी आणि हाजी अली या खेपेला सोडा. महालक्ष्मी नावाचं मेट्रो स्थानक देवळाच्या दारात नाही, तिथून पुन्हा टॅक्सी लागते आणि साखळी लांबतच जाते. तुम्ही चैत्यभूमीचं लिहिलं नाहीये, पण जायची इच्छा असेल तर ती सिद्धिविनायकापासून फार लांब नाही. टॅक्सीने ते याच फेरीत बसतं, मग पुढचा गेटवेचा वेळ थोडा कमी करा.

परत येताना सीएसएमटीला न उतरता पुढच्या 'हुतात्मा चौक' स्थानकावर उतरा. वर आलात की समोर फ्लोरा फाउंटन, १८६४ चं, आणि शेजारी मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचं स्मारक. बहुतेक लोक कारंज्याचा फोटो काढतात आणि स्मारकाकडे पाठ करून निघून जातात, याचं मला फार वाईट वाटतं. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच चौकात संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. मुंबई आज महाराष्ट्राची राजधानी आहे ती त्या माणसांमुळे. पाच मिनिटं थांबा, मुलांना नीट सांगा. मराठी घरातल्या मुलांनी मुंबईत येऊन हे पाहिलं नाही तर बाकी काय पाहिलं?

तिथून टॅक्सीने गेटवे. तुम्ही सहाजण, काळी-पिवळी चौघांना घेते, म्हणजे दोन टॅक्स्या लागणार. प्रत्येकीत एकेक मोठं माणूस बसवा आणि उतरायची खूण आधी ठरवा. रिक्षा शोधत बसू नका. वांद्रे आणि शीवच्या अलीकडे, म्हणजे शहराच्या या भागात, रिक्षांना परवानगीच नाही. गेटवेला बॅगा तपासतात, त्याची रांग असते. पंचम जॉर्ज १९११ ला आला त्या स्वागताची ही आठवण, पण तो आला तेव्हा कमान उभीच नव्हती, पायाभरणीसुद्धा १९१३ ला झाली. जॉर्ज विटेटची ही इमारत पुरी झाली १९२४ ला. मागचं ताज १९०३ चं, म्हणजे गेटवेपेक्षा ताज जुनं. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून बोटीवर चढून गेली. समोरच्या बागेतल्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याला नमस्कार करून पुढे निघा. पाऊण तास इथे पुष्कळ झाला.

घारापुरी? नाही. एका दिवसात, आणि या वयाच्या आई-बाबांना घेऊन, मी नेणार नाही. बोटीने जायला सुमारे तास, यायला तास, वर शंभराहून जास्त पायऱ्या. अख्खा दिवस ती लेणी मागतात आणि त्यांना तो द्यावा अशी ती आहेत. सदाशिवाच्या त्या त्रिमुखासमोर घड्याळ बघत उभं राहणं बरं नव्हे. मुलं बोटीसाठी हट्ट धरतील तर गेटवेहून बंदरात छोटी फेरी मारून आणणाऱ्या बोटी असतात. बसताना लाइफ जॅकेट अंगावर चढवूनच बसा. डिसेंबर २०२४ मध्ये याच बंदरात घारापुरीला निघालेल्या बोटीचा मोठा अपघात झाला होता. पावसाळ्यात बोटीचा विचारच नको.

बारा-साडेबाराला जेवून घ्या. कुलाबा-फोर्टमध्ये शाकाहारी थाळीपासून मालवणी माशांपर्यंत सगळं मिळतं. एकच पथ्य: कचेऱ्यांची जेवणाची वेळ एकची, तिच्या आधी टेबल पकडा.

मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, गेटवेहून चालत दहा-पंधरा मिनिटं. सव्वादहाला उघडतं, सहाला बंद होतं. तुमच्या दिवसाचा गाभा हाच असावा असं मला मनापासून वाटतं. दुपारचं ऊन बाहेर, तुम्ही आत. बसायला बाकं, स्वच्छ स्वच्छतागृहं, बाहेर बाग. इमारत विटेटचीच, घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या वळणाचा. पहिल्या महायुद्धात इथे लष्करी इस्पितळ होतं, संग्रहालय म्हणून दारं उघडली १९२२ ला. सगळी दालनं बघायचा हट्ट धरू नका. मुलांना प्राण्या-पक्ष्यांचं दालन आणि शस्त्रं, आई-बाबांना शिल्पं आणि लघुचित्रं, इतकंच. शिल्पांच्या दालनात घारापुरीहून आणलेल्या मूर्ती आहेत. बेट चुकलं तरी त्या हातांचं काम डोळ्यांखालून जाईल. दोन-अडीच तास द्या. आई-बाबा थकले तर एक तासानंतर त्यांना बागेत सावलीला बसवा आणि तुम्ही मुलांना घेऊन पुन्हा आत जा, त्यात काही गमावत नाही.

बाहेर पडलात की काळा घोडा. जहांगीर कलादालन शेजारीच, प्रवेश मोफत, मन झालं तर डोकावा. तिथून ओव्हल मैदान चालण्याच्या अंतरावर आहे. मैदानाच्या मधल्या वाटेवर उभं राहा: पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, सगळं व्हिक्टोरियन गॉथिक. पश्चिमेला गोलसर सज्जांच्या आर्ट डेको इमारतींची रांग. या दोन्ही बाजू मिळून २०१८ ला जागतिक वारसा ठरल्या. मध्ये पोरं क्रिकेट खेळत असतात. टॉवरला पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी, नाव आईचं. उंची ८५ मीटर, १८७८ ला पुरा झाला.

आता मुलांची लोकल. सकाळी आणि सहानंतर लोकल तुमच्यासाठी नाही, पण दुपारी तीन ते साडेचार ती रिकामी असते. चर्चगेटहून गाड्या सुटतातच, त्यामुळे बसायला जागा मिळते. धिमी गाडी पकडा, डाव्या खिडकीशी बसा. मरीन लाइन्सनंतर जिमखान्यांच्या पलीकडे मधूनमधून समुद्र दिसतो. दुसरंच स्टेशन चर्नी रोड, तिथे उतरा. सगळे एकाच डब्यात चढा आणि दरवाजात कोणाला उभं राहू देऊ नका.

पश्चिमेला बाहेर पडलात की गिरगाव चौपाटी. लोकमान्य टिळकांचा पुतळा दिसेल. ऑगस्ट १९२० मध्ये त्यांच्यावर अंत्यसंस्कार इथेच झाले. इथे भेळ खा, कुल्फी खा, मुलांना वाळूत सोडा आणि आई-बाबांना मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर टेकवा. सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमारास, मेमध्ये सातनंतर, त्याप्रमाणे म्युझियममधून निघायची वेळ मागे-पुढे करा. पावसाळ्यात भरतीची वेळ पेपरात बघून ठेवा आणि मोठ्या भरतीला कठड्यापासून लांब राहा. दिवे लागेपर्यंत थांबा. तेवढ्यासाठी बाकीच्या यादीतलं काहीही गाळलं तरी चालेल.

मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट (बागेतलं बुटाच्या आकाराचं घर) टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. वेळ उरला तरच. राणीची बाग पुढच्या खेपेला.

परतताना चौपाटीहून सीएसएमटीला टॅक्सीने संध्याकाळी पाऊण तास धरा, अंतर कमी दिसतंय म्हणून शेवटपर्यंत ताणू नका. क्लोकरूमची रांग वेगळी. गाडीच्या दीड तास आधी चौपाटी सोडा. आणि हे आजच करा: परतीच्या तिकिटावर स्थानकाचं नाव पुन्हा वाचा. मराठवाड्याकडच्या काही गाड्या सीएसएमटीहून नाही, कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटतात. तुमची तिथून असेल तर संध्याकाळच्या वाहतुकीत किमान दीड तास आणि वर क्लोकरूमचा वेळ लागेल, म्हणजे चौपाटीवरून गाडीच्या तीन तास आधी उठावं लागेल. तसं असलं तर इथे कळवा, गेटवे आणि म्युझियमच्या वेळा पुन्हा बसवून देतो.